स्वयंपाकघरावरून गेलेली तार

प्रतापराव आणि नामदेवराव हे सख्खे भाऊ. वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. पण त्यांच्या घरांमधल्या भिंतीला एक भोक होतं आणि ते बुजवायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नव्हतं.

चिक्कडपल्लीतल्या त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोघांची घरं शेजारीशेजारी होती. भोक एवढं, की त्यातून पाण्याचा तांब्या आरामात पलीकडे देता यावा. पण ते तांब्यासाठी नव्हतं, आगगाडीसाठी होतं. नामदेवरावांच्या मागच्या खोलीत एक स्टेशन, प्रतापरावांच्या मागच्या खोलीत दुसरं, आणि मधली भिंत म्हणजे बोगदा.

माधवी लग्न होऊन नामदेवरावांच्या घरी आली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसलं ते जुन्या चादरींनी झाकलेलं एक लांबलचक टेबल. ती पुण्याची, भौतिकशास्त्रात एमएस्सी केलेली, आणि हिमायतनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली. झाकलेली वस्तू दिसली की खाली काय आहे हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नवऱ्याला विचारलं, तर गौतम म्हणाला, बाबांचं रेल्वेचं काहीतरी आहे, हात लावू नकोस. आणि त्याने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. माधवीने हात लावला नाही. फक्त चादर उचलली.

खाली एक अख्खं शिवार होतं. काळ्या मातीतून गेलेला रूळ, कौलारू स्टेशन, पाण्याची टाकी, फलाटावर निंबाचं झाड, त्याच्या पारावर झोपलेला एक माणूस, आणि त्या माणसाच्या पायाशी त्याच्या चपला. पाटीवर ‘सावरगाव रोड’ असं मराठी, उर्दू आणि इंग्रजीत लिहिलेलं. रुळापलीकडे कापसाचं शेत होतं आणि त्यातली बोंडं फुटलेली होती. ती वाकून बघत राहिली. तेवढ्यात मागून सासरे म्हणाले, “खसखस आहे ती.”

ती दचकली. पण नामदेवराव रागावले नव्हते. कुणीतरी चादर उचलावी म्हणून ते वाटच पाहत असावेत असं तिला वाटून गेलं. खसखशीवर मुंग्या येतात, म्हणून दर हंगामाला कापूस नव्याने पेरावा लागतो, असं त्यांनी सांगितलं. माती खरी होती, भोकरकडच्या त्यांच्या शेतातली, रव्याच्या चाळणीने तीनदा चाळलेली. बाभळी म्हणजे वाळवलेल्या कोथिंबिरीच्या काड्या. चाळणीची हकिकत सासूबाईंना अजून ठाऊक नव्हती, एवढं त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं.

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. दोघे भाऊ शेतकऱ्याच्या घरातले. आधी थोरला रेल्वेत लागला, त्याच्या मागे धाकटा, आणि दोघे मराठवाड्यातल्या छोट्या लाईनीवर स्टेशनमास्तर झाले. काही वर्षं तर लागोपाठच्या दोन स्टेशनांवर होते. घरी भेटत नसत, तारेवर भेटत. पुढे लाईन मोठी झाली, छोटे रूळ उखडले गेले, आणि सावरगाव रोडचं कौलारू स्टेशन पाडून तिथे सिमेंटची पेटी उभी राहिली. निवृत्त झाल्यावर दोघांनी ठरवलं, जे पाडलं ते घरात बांधायचं.

बांधायचं ते मापाने. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. माधवीने मनातल्या मनात भागाकार केला: मीटरगेजचे रूळ साडेअकरा मिलिमीटर अंतरावर यायला हवेत. बाजारात मिळतात ते बारावर. नामदेवराव म्हणाले, “त्या अर्ध्या मिलिमीटरसाठी दादा महिनाभर जेवला नव्हता नीट.” दादा हा शब्द तोंडून निघाला तशी त्यांनी चादर पुन्हा ओढली.

चादरीखाली टेबलाच्या कडेला एक लाकडी पेटी होती. पेटीवर तांदळाएवढा हिरवा दिवा जळत होता. बाकी सगळं बंद असताना हा एकटाच कसा चालू, हे तिने विचारलं. नामदेवराव खिडकीकडे बघत म्हणाले, तो या घरच्या विजेवर लागत नाही, पलीकडच्या बॅटरीवर लागतो. पलीकडे त्यांच्या पेटीवरही असाच दिवा आहे, तो इकडच्या बॅटरीवर.

म्हणजे वर्षभर न बोलणारे दोन म्हातारे वर्षभर एकमेकांची बॅटरी चार्ज करून ठेवत होते. माधवीने याची मनात नोंद घेतली आणि पुढचा प्रश्न सासूबाईंना विचारायचा ठरवला.

सुशीलाबाईंनी भाजी निवडता निवडता भांडणाची हकिकत सांगितली, आणि मध्येमध्ये उसासेही टाकले. गाडी नुसती गोल गोल फिरवायची असती तर एकट्याला जमलं असतं. पण या दोघांना खरी लाईन चालवायची होती. एकेरी रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून खऱ्या रेल्वेत जो नियम होता तोच घरात. गाडी सोडायची तर आधी घंटा वाजवून पलीकडच्याला विचारायचं. त्याची लाईन मोकळी असेल तर तो आपल्याकडची कळ दाबतो, आणि इकडच्या पेटीतून एक गोळा टक्‌कन खाली पडतो. तो गोळा हातात आला तरच गाडी हलवायची. खऱ्या स्टेशनात तो लोखंडाचा असे, इथे काचेची गोटी होती. पण मान तोच.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी नामदेवरावांच्या पेटीत गोळा पडला आणि त्यांनी पॅसेंजर सोडली. बोगद्यात प्रतापरावांचं इंजिन उभं होतं, ते त्याला डबे जोडत होते. ते वाफेचं इंजिन प्रतापरावांनी पितळेच्या पत्र्यातून स्वतः कापून, घासून, सांध्यांना डाग देऊन बनवलेलं. अंधारात धडक झाली. प्रतापराव धावत आले आणि म्हणाले, मी कळ दाबलीच नाही, माझं इंजिन लाईनीवर असताना मी लाईन कशी देईन? नामदेवराव म्हणाले, गोळा पडला म्हणून गाडी सोडली, गोळा काय आपोआप पडतो? मग प्रतापराव जे बोलले ते सुशीलाबाईंनी आवाज खाली आणून सांगितलं: “म्हणाले, तू पेटी उघडून हाताने काढलास गोळा. आणि हे म्हणाले, तुझं डोकं चळलंय, दाबलेली कळ आठवत नाही तुला.”

माधवीला आधी यात एवढं काय, हे कळेना. तेव्हा सुशीलाबाईंनी समजावलं. हाताने गोळा काढणारा स्टेशनमास्तर म्हणजे माणसं मारणारा. आणि दिलेली लाईन विसरणारा म्हणजे तसाच. दोघांनी सगळी नोकरी डाग न लागता केली, आणि म्हातारपणी घरातल्या खेळण्यावर एकमेकांना डाग लावून घेतला.

सुशीलाबाई आणि थोरल्या जाऊबाई भामाबाई यांच्यात मात्र काही बिघडलेलं नव्हतं. वाटीभर साखर, डब्यातली भाजी, इकडचं लोणचं तिकडे, सगळं पूर्वीसारखं चालू. भामाबाई हसून म्हणत, “बायकांची लाईन डबल आहे, आम्हाला गोळा लागत नाही.”

बोगद्यात ती गाडी अजून तशीच पडलेली होती. माधवीने टॉर्च टाकून पाहिलं. प्रतापरावांच्या इंजिनाचं तोंड चेपलेलं, दोन डबे कलंडलेले, आणि सगळ्यावर वर्षाची धूळ. उचलायला काय हरकत आहे, असं तिने विचारलं तेव्हा नामदेवराव जवळजवळ दुखावले. अपघातानंतर दोन्ही बाजूंच्या माणसांनी समोरासमोर उभं राहून पाहणी केल्याशिवाय एक खिळाही हलवायचा नसतो. संयुक्त पाहणी झाली नाही, म्हणून लाईन बंद. त्यांच्या दृष्टीने यात अडून बसण्यासारखं काहीच नव्हतं. हा नियम होता.

आणि आता वेळही उरला नव्हता. प्रतापरावांचा मुलगा कुलदीप कोंडापूरला नवा फ्लॅट घेऊन राहत होता. दसरा झाला की आई-वडिलांना तिकडे न्यायचं आणि हे घर भाड्याने द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. भाडेकरू यायच्या आधी गवंडी येऊन भिंतीचं भोक बुजवणार होता. त्यात वाईट काही नव्हतं. आई-वडील जवळ असावेत असं कुठल्या मुलाला वाटत नाही? पण त्या दिवसापासून नामदेवराव सकाळी उठले की चहाच्या आधी मागच्या खोलीत जात, चादरीचा कोपरा उचलत, दिवा बघत आणि परत येत. भाऊ लांब जाणार याचं दुःख त्यांना होतंच. पण आपल्याला गोळा चोरणारा ठरवून तो सोडून जाणार, हे त्यांना गिळवत नव्हतं. एकदा ते माधवीला म्हणालेही, “दादाने तेवढा शब्द मागे घ्यावा. मग खुशाल जाऊ दे कोंडापूरला.” भामाबाईंकडून कळलं, प्रतापरावही पलीकडे हेच म्हणतात. त्यांना नामदेवरावांचा शब्द मागे घेतलेला हवा होता.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. या कुटुंबात दोन्ही देव्या नामदेवरावांकडेच बसतात. भांडण असो नसो, जेवण एकत्रच. आठवडाभर आधी सुशीलाबाईंनी घर धुऊन काढलं. तांब्यापितळेची झाडून सगळी भांडी चिंचेने घासून लखलखीत केली. जेवणाच्या दिवशी दोघी जावा सकाळपासून शेगडीशी होत्या. पुरण, कढी, सोळा भाज्या, आणि मग भजी, कुरडया, पापड यांचं न संपणारं तळण. पुरुष बाहेर हॉलमध्ये बसले होते. दोघे भाऊ एकाच सोफ्याच्या दोन टोकांना, मध्ये वर्तमानपत्र ठेवून.

माधवीला मागच्या खोलीत टेबलाखालून मोठी परात आणायला पाठवलं होतं. ती वाकली आणि तिच्या कानाशी आवाज झाला: टक्.

तिने चादर उचलली. पेटीच्या खोबणीत एक गोटी येऊन पडलेली होती.

ती परात तिथेच ठेवून हॉलच्या दारापर्यंत गेली. प्रतापराव सोफ्यावर होते. त्यांचं घर बाहेरून कुलूपबंद, आणि किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. ती किल्लीची साखळी तिला दिसत होती. पलीकडची कळ कुणीही दाबलेली नव्हती, आणि गोळा पडला होता.

जेवणं होईपर्यंत तिचं ताटात लक्ष नव्हतं. गोळा पडतो म्हणजे विजेचं मंडल कुठेतरी पूर्ण होतं. कळीशी नाही, तर वाटेत. मग तार जाते कुठून? रुळांबरोबर बोगद्यातून जात असेल असं तिने धरलं होतं. बोगद्यात तर तार नव्हतीच. तिने सासऱ्यांना विचारलं. त्यांनी ‘हे काय विचारणं’ अशा नजरेने बघून सांगितलं की खरी तार कधीच बोगद्यातून जात नाही, डोंगरावरून जाते. खांबाखांबाने, उघडी. मग इथे डोंगर कुठला? नामदेवरावांनी बोट वर केलं. मागच्या खोलीच्या झरोक्यातून तीन बारीक तांब्याच्या तारा बाहेर पडत होत्या आणि स्वयंपाकघरात शिरत होत्या.

डोंगर म्हणजे स्वयंपाकघर. आगपेटीच्या काडीएवढे खांब फडताळाच्या माथ्यावरून रांगेने गेलेले, एकदम खरे, पांढऱ्या चिनीमातीच्या मण्यांसकट. मग शेगडीच्या वर खांबच नाहीत. फडताळाच्या टोकापासून धुराच्या पंख्याच्या खिडकीपर्यंत तारा तशाच अधांतरी, आणि तिथून मधला डक्ट ओलांडून पलीकडच्या घरात. खांब का नाहीत याचं उत्तर सुशीलाबाईंकडे होतं: “माझ्या शेगडीवर तुमचे खांब रोवायचे नाहीत म्हणून ठणकावलं मी. पोळीत पडला म्हणजे?”

माधवीने त्या रात्रीची झोप मोडली नाही, पण सकाळी वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. तापली की तार लांबते. एवढ्याशा तारेचं लांबणं ते किती, अर्धा मिलिमीटर. पण दोन्ही टोकं बांधलेली असली की तेवढ्यानेही मधला झोल बोटभर वाढतो. दिवसभर दोन कढया तापल्या, तारा सैल पडल्या, धुराच्या पंख्याने झुलल्या, आणि कायम चालू असलेली दिव्याची तार गोळ्याच्या तारेला चिकटली. पेटीला वाटलं, पलीकडच्याने कळ दाबली.

दोघेही खरे होते. नामदेवरावांनी गोळा काढला नव्हता आणि प्रतापरावांनी दिला नव्हता.

तिने हे सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर असेल, पण दादाला सांगू नकोस. तो म्हणेल, सुनेला पढवून पाठवलं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. आणि तो या खोलीत पाय ठेवणार नाही. एवढं बोलून ते कापसाच्या शेतातल्या मुंग्या फुंकरीने उडवायला लागले.

पितृपक्षात दोघांच्या वडिलांची तिथी होती. श्राद्ध थोरल्याच्या हातून आणि स्वयंपाक या घरी, असा शिरस्ता. म्हणजे पुन्हा शेगडी, पुन्हा वडे, पुन्हा तळण. माधवीने भामाबाईंना आधीच फितवून ठेवलं. जेवणं उरकली, प्रतापराव हात धुऊन चपला शोधायला लागले, तशी ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मोठे काका, अपघाताची संयुक्त पाहणी राहिली आहे. चार्ज सोडायच्या आधी ती झाली पाहिजे.”

प्रतापरावांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आणि पाहणी करणार कोण? तू कुठल्या खात्याची गं?”

“तिसऱ्या. दोन्ही स्टेशनांशी संबंध नाही. असाच अधिकारी लागतो ना?”

म्हातारा पेचात पडला. सुनेला नाही म्हणता आलं असतं. नियमाला नाही म्हणता येत नव्हतं. “हौ,” ते म्हणाले. “असाच लागतो.” आणि वर्षाने त्या खोलीचा उंबरठा ओलांडून आत आले. नामदेवराव आधीच एका खुर्चीवर होते. दुसरी खुर्ची माधवीने मुद्दाम पेटीपाशी ठेवली होती. दोघे बसले आणि दोघांनीही पेटीकडे डोळे लावले, म्हणजे एकमेकांकडे बघायला नको.

तिने प्रतापरावांना घराची किल्ली दाखवायला सांगितली. त्यांनी खिसा थोपटला. मग तिने स्वयंपाकघरात खूण केली. दोघी जावांनी गॅस मोठा केला, उरलेले वडे कढईत सोडले, पंखा लावला. माधवी दारात उभी राहून वर बघत होती. तारा सैल पडल्या. झुलल्या. एकमेकींना लागल्या, तिने स्वतः पाहिलं. पेटी गप्प.

पुन्हा लागल्या. पेटी गप्पच.

वडे काळे पडायला लागले. सुशीलाबाईंनी दुसरा घाणा टाकला. तारा एकमेकींवर अक्षरशः लोळत होत्या, आणि पेटीतून काही म्हणता काही पडत नव्हतं. माधवीच्या कपाळावर घाम आला, तो शेगडीचा नव्हता. महालक्ष्म्यांना पडलेला गोळा तिने या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा काय होतं, जे आज नाही? तीच शेगडी, त्याच कढया, तोच पंखा.

प्रतापराव उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. म्हणाले, पोरी, तू मन लावून केलंस, पण जे झालं ते झालं, कामून परेशान होतीस. आणि ते चपलांकडे वळले. नामदेवराव जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरात सुशीलाबाईंचं वेगळंच चाललं होतं. इतका वेळ सगळे आपल्या छताकडे बघताहेत म्हटल्यावर त्यांनीही वर पाहिलं आणि त्यांना लाज वाटली. “या तारा बघा अक्का, कशा तेलकट काळ्या झाल्यात. महालक्ष्म्यांना घासल्या होत्या मी चिंचेने, पंधरा दिवसांत ही दशा.” आणि त्यांनी गॅस बारीक करून चिंचेचं फडकं घेतलं आणि स्टुलावर चढल्या.

माधवी जागच्या जागी थांबली. घासल्या होत्या. वर्षातून एकदा, महालक्ष्म्यांना, देवीपुढे घरातलं सगळं तांबं लखलखलं पाहिजे म्हणून. एरवी तारांवर तेलाचं आणि काजळीचं पूट असतं; तारा एकमेकींना लागल्या तरी वीज पलीकडे जात नाही. म्हणून वर्षभर काही होत नाही, आणि नेमकं त्याच सणाला होतं.

“काका,” ती म्हणाली, “एक मिनिट थांबा. फक्त आईंचं पुसून होऊ दे.”

प्रतापराव एका पायात चप्पल घालून थांबले. सुशीलाबाईंनी तारा टोकापासून टोकापर्यंत पुसल्या, लालसर चमकायला लागल्या तशा उतरल्या, स्टूल बाजूला ओढलं आणि गॅस पुन्हा मोठा केला. भामाबाईंनी कढईत आणखी वडे सोडले. धूर पंख्याकडे ओढला गेला. तारांनी एक हलका झोका घेतला.

टक्.

गोटी खोबणीत आली आणि थोडी गोल फिरून थांबली. मग आणखी एक: टक्.

प्रतापराव एक चप्पल पायात ठेवूनच पुन्हा खोलीत आले. त्यांनी चष्मा पुसला, पेटीचं कुलूप बघितलं, ते बंद होतं. स्वयंपाकघरात जाऊन तारा बघितल्या. परत आले. खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा भावाकडे पाहिलं.

“नामा, गोळा तू काढला नव्हतास.”

“तूही दिला नव्हतास, दादा.”

एवढंच. दोघेही पुन्हा पेटीकडे बघायला लागले, पण आता बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग अपघाताची जबाबदारी कुणाची यावर त्यांचं सुरू झालं, आणि ते गेल्या वर्षीच्या उलट होतं. प्रतापराव म्हणत, तारा उघड्याच हव्यात हा हट्ट माझा. नामदेवराव म्हणत, त्या डोंगरावरून न्यायच्या हे मी काढलं. शेगडीवर खांब नको म्हणणारीचं काय, असं भामाबाईंनी आतून सुचवलं, तेव्हा सुशीलाबाई झारा घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, वर्षभर तुमचं तोंड बंद होतं ते माझ्या वड्यांमुळे असेल तर उद्यापासून दोघांना वरणभात. चिंचेचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. देवीचं काम होतं ते.

लाईन मोकळी करायला अर्धी दुपार गेली. प्रतापराव आपल्या घरी गेले आणि पलीकडून भोकात हात घातला; नामदेवरावांनी इकडून. चेपलेलं इंजिन पलीकडे गेलं, नामदेवरावांचं इंजिन आणि दोन डबे इकडे आले. तिसरा डबा मधोमध असा अडकला होता, की दोन्हीकडून उचलल्याशिवाय निघेना. बराच वेळ भिंतीत नुसतं ‘वर घे’, ‘अरे माझं बोट’, ‘डावीकडे, तुझ्या डावीकडे’ चाललं होतं. माधवी टॉर्च धरून उभी होती. डबा कधीच सुटून बाहेर आला, तरी हात लगेच बाहेर आले नाहीत. तिने टॉर्च जरा बाजूला वळवला.

उपाय सोपा होता आणि तिने तो लगेच सुचवला: प्लास्टिकचं वेष्टण असलेली तार आणायची, काम संपलं. दोघा भावांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने स्टेशनावर डांबराचा रस्ता घालायला सांगितलं होतं. छोट्या लाईनीवर तार उघडीच असे. तार बदलायची नाही, नियम बदलायचा. प्रतापरावांनी तो जागेवरच तोंडी केला आणि नामदेवरावांनी मान्य केला.

कुलदीप संध्याकाळी आई-वडिलांना भेटायला आला तेव्हा त्याला वडील पितळेचं इंजिन मांडीवर घेऊन त्याचं तोंड ठोकून सरळ करताना दिसले. त्याने गवंड्याचा विषय काढला. प्रतापरावांनी मान वर न करता सांगितलं, की कोंडापूरला ते येणार, ठरल्याप्रमाणे दसरा झाला की येणार. पण रविवारी त्यांची इथे ड्यूटी असेल, आणि मागची खोली त्यांच्याकडे राहील. उरलेलं घर खुशाल भाड्याने दे. भाडेकरूला फक्त एवढं आधी सांग, की भिंतीतून गाडी जाते.

“असा भाडेकरू मिळेल कुठे?” कुलदीपने विचारलं.

“शोध,” म्हातारा म्हणाला.

इंजिन रविवारपर्यंत तयार झालं. अपघातानंतरची पहिली गाडी पायी चालण्याच्या वेगाने न्यायची असते, म्हणून कुणीही घाई करायची नाही, असं नामदेवरावांनी सगळ्यांना बजावलं. गौतमसुद्धा लॅपटॉप मिटून खोलीत आला होता. चादरी काढलेल्या होत्या, नवी खसखस पेरलेली होती. नामदेवराव इस्त्रीचा सदरा घालून पेटीसमोर उभे राहिले. हिरवा दिवा जळत होता.

भिंतीपलीकडून घंटा आली. एक, दोन, तीन. सावरगाव रोडला विचारणा होती: लाईन मोकळी आहे का?

नामदेवरावांनी कळीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. त्यांनी मान वळवली आणि स्वयंपाकघराकडे बघून, फलाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं, “गॅस बंद करा. लाईन क्लिअर देतोय.”

“भात अर्धा शिजलाय माझा,” सुशीलाबाई म्हणाल्या.

“गाडी आल्यावर लावा.”

“मग जेवायला इंजिनच वाढते,” असं त्या पुटपुटल्या. तरी गॅसची कळ फिरल्याचा आवाज आला. त्यांनी एकदा वर तारांकडे पाहिलं आणि पदराने हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

नामदेवरावांनी कळ दाबली. भिंतीच्या पलीकडे, भावाच्या घरात, गोळा टक्‌कन पडला.